ऑक्टोबरमधला महागडा आठवडा

लव्हॉन सुट्टीतल्या फ्लॅटचं दार उघडून आत आली तेव्हा समोरचा टीव्ही आपोआप सुरू झालेला होता. पडद्यावर निळ्याशार तळ्याचं चित्र होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पुन्हा स्वागत, ड्वेन.'

ड्वेनला जाऊन आठ महिने झाले होते.

ती बॅग खाली न ठेवताच थोडा वेळ उभी राहिली. मग रिमोट शोधून तिने टीव्ही बंद केला आणि खाली ऑफिसात फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "खात्यावर त्यांचं नाव पहिलं आहे ना, म्हणून येतं ते. काढायचं असेल तर मृत्यूचा दाखला मुख्य ऑफिसला पाठवावा लागेल."

"पाठवलाय. दोनदा पाठवलाय."

"मग अजून एकदा पाठवून बघा ना," मुलगी म्हणाली. "आणि ड्वेनना आमची सहानुभूती कळवा."

आपण काय बोलून गेलो हे त्या मुलीच्याही लक्षात आलं असावं. तिने घाईने फोन ठेवला.

लव्हॉन हुकस्ट्रा आयोवातली. ऑस्कलूसा गावाबाहेर, मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर तिचं घर होतं. उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. नवरा ड्वेन हिवाळ्यात लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. माणूस चांगला, पण हात असा आखडता की गावात त्याच्या गोष्टी सांगायचे. पेट्रोल दोन सेंटांनी स्वस्त मिळतं म्हणून हा पुढच्या गावाला जायचा. ताटावर झाकलेली चंदेरी फॉइल धुऊन, पुसून, घडी करून पुन्हा खणात ठेवायचा. चर्चच्या जेवणात उरलेले बटाटे कोणी टाकायला निघालं की ड्वेनची नजर आधी तिकडे जायची.

असा माणूस एकदाच वाहवला. मिसूरीतल्या ब्रॅन्सनला फुकट नाश्ता आणि गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं मिळतात म्हणून दोघं एका कंपनीचं बोलणं ऐकायला गेले होते. तास-दीड तास ऐकून घ्यायचं, नाही म्हणायचं, तिकिटं खिशात टाकायची आणि निघायचं, असं गाडीत ठरलं होतं. विक्रेत्याने कागद पुढे सरकवला आणि ड्वेनने सही केली. लव्हॉन बघतच राहिली. घेतलं काय, तर जमीन नाही, खोली नाही, किल्लीसुद्धा नाही. दरवर्षी काही हजार पॉइंट. ते खर्च करायचे आणि कंपनीची जिथे जिथे निवासं आहेत तिथे जाऊन राहायचं. गर्दीच्या दिवसांत पॉइंट जास्त लागतात, रिकाम्या दिवसांत कमी. आणि दरवर्षी देखभालीची फी भरायची, गेलात तरी, नाही गेलात तरी. मेलात तरीही. करारात लिहिलं होतं, कायमचं, आणि नंतर वारसांना.

त्यानंतर पंचवीस वर्षं ती दोघं दर ऑक्टोबरला जात राहिली. कधी ब्रॅन्सन, कधी टेनेसीतले डोंगर, कधी आर्कान्सॉमधली गरम पाण्याची कुंडं. उन्हाळ्यात कधीच नाही. ऑक्टोबरचा तोच आठवडा.

डीना ही त्यांची मुलगी. राजधानीत, डे मॉइनला राहायची, विमा कंपनीत कामाला होती. बाप गेल्यावर फीचं बिल आलं तेव्हा ती आईच्या स्वयंपाकघरात बसून आकडेमोड करायला लागली.

"आई, घेतलं तेव्हा याची फी चारशे डॉलर होती. आता फी सोळाशेच्या वर गेलीये. दरवर्षी."

"सगळंच महागलंय."

"तसाच फ्लॅट, त्याच तळ्याकाठी, कोणालाही इंटरनेटवर हजाराच्या आत मिळतो. आत्ता. कसले पॉइंट नाहीत, काही नाही. बघ, हा बघ."

"त्यात न्याहारी असते का?"

"तुमच्यात कुठे असते? न्याहारीला बोलावतात ते अजून पॉइंट गळ्यात मारायला." डीनाने पेन खाली ठेवलं. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत आहे ही. आणि ते घोडं तुझ्यामागे माझ्या दारात येऊन बांधलं जाणार. माझ्यामागे माझ्या पोरांच्या."

"तुझ्या बापाने काहीतरी विचार करूनच घेतलं असेल."

"बाबांनी विचार केला असता तर घेतलं नसतं," डीना म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "परत देता येतं. त्यावर काही कर्ज नाही, तू म्हातारी आहेस, घेतात ते. मी चौकशी केलीये. फक्त तुझी सही हवी."

"या वर्षीचे पैसे भरलेत. पॉइंट वाया जातील. एकदा जाऊन येते, मग बघू."

"मी येते बरोबर."

"तुला सुट्टी कुठे मिळतेय?"

"मिळते. या आठवड्यात मिळते. मी कायम घेते." पण लव्हॉन तोवर उठून नळाखाली कप विसळायला लागली होती, आणि पाण्याच्या आवाजात ते वाक्य वाहून गेलं.

म्हणून ती या वर्षी ब्रॅन्सनला एकटी आली होती. सात तास गाडी चालवून, एका जागी सँडविच खाऊन.

कंपनीची सगळी घरं एकसारखी असत. टेनेसी असो नाहीतर मिसूरी, तोच तपकिरी सोफा, तेच दोन दिवे, भिंतीवर उडणाऱ्या बदकांचं तेच चित्र, काट्याचमच्यांचा खण चुलीच्या डावीकडेच. या खोलीत लव्हॉनने पूर्वी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, तरी अंधारात तिचा हात बरोबर बटणावर गेला. आणि म्हणूनच ड्वेन तिथे होता. घरी त्याची खुर्ची तिने देऊन टाकली होती, कपडे चर्चला दिले होते, पलंगाची बाजू बदलून ती झोपायला शिकली होती. इथे मात्र काहीच हललेलं नव्हतं. बाथरूमच्या आरशासमोर उभं राहिलं की मागून त्याच्या दाढीच्या साबणाचा वास यायचा. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यातली गादी दबलेली दिसायची.

पहिल्या सकाळी तिने सवयीने दोन कप कॉफी ओतली. दुसरा कप सोफ्यापुढे ठेवला आणि हसली. "घे बाबा. फुकट आहे," ती म्हणाली. तिला बरं वाटलं. दिवसभर ती त्याच्याशी बोलत राहिली. तळ्यावर जाऊन आली, पानं लाल झाली होती ते सांगितलं, खालच्या दुकानात टोमॅटोचा भाव काय लावलाय तेही सांगितलं.

पण संध्याकाळी, जेवणाच्या सुमाराला, ती चुलीपाशी अंडी फेटत असताना तिच्या मानेवर काटा आला. ड्वेन तिच्याकडे बघत नव्हता. पाठमोरी असतानाच तिला ते कळलं. तो सोफ्यावर पुढे सरकून बसला होता आणि दाराकडे बघत होता.

ती वळली. सोफा रिकामा होता. पण गादी आता कडेला दबलेली होती, उठायच्या बेतात असलेल्या माणसाखाली दबते तशी. तिने टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला. आणि मग तिला आठवलं की हे ती करत नसे, ड्वेन करायचा. दरवर्षी, याच आठवड्यात, याच वेळेला. नाहीतर तो जेवायच्या आधीच तिला बाहेर काढायचा, कुठल्यातरी गाण्याबजावण्याच्या हॉलमध्ये नेऊन बसवायचा, जिथे ढोल आणि टाळ्यांच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. तिला वाटायचं, बरं आहे, वर्षातून एकदा तरी हौस करतो.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिने जेवण दुपारीच उरकलं आणि संध्याकाळभर गाडीत बसून राहिली.

चौथ्या सकाळी कंपनीची ती न्याहारी होती. 'मालकांसाठी भेट' असं नाव, पण जाणं जवळपास सक्तीचं. गाडी लावायचा पास त्याच टेबलावर मिळायचा. तिच्या वाट्याला ब्रॅडी नावाचा तिशीतला पोरगा आला. त्याने ड्वेनबद्दल दुःख व्यक्त केलं, अंड्यांची बशी पुढे केली आणि संगणक उघडला.

"लव्हॉन, मी सरळच बोलतो. तुम्हाला हे परवडत नाही असं वाटतं, कारण तुमच्याकडे पॉइंट कमी आहेत."

"माझी मुलगी म्हणते जास्त आहेत."

"मुलींना हिशेब कळतो, सुट्टी कळत नाही." तो हसला. लव्हॉन हसली नाही, तेव्हा तो पुन्हा पडद्याकडे वळला. "आता हे बघा. तुम्ही दरवर्षी ऑक्टोबरचा हाच आठवडा घेतलात. पानगळीचा. वर्षातला सगळ्यात महागडा आठवडा आहे हा. उन्हाळ्यापेक्षाही जास्त पॉइंट लागतात. नोव्हेंबरात आला असतात तर एवढ्याच पॉइंटांत दोन आठवडे मिळाले असते. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"ड्वेनला माहीत असेल."

"मग त्यांनी बदललं का नाही? पंचवीस वर्षं अर्धे पॉइंट पाण्यात घातले त्यांनी. पानं फार आवडायची का त्यांना?"

ड्वेनला पानं आवडत नसत. घराच्या पन्हाळीत अडकतात म्हणून तो त्यांना शिव्या घालायचा. दोन सेंटांसाठी पुढच्या गावाला जाणारा माणूस पंचवीस वर्षं दुप्पट मोजत होता, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं.

"लव्हॉन? कॉफी अजून देऊ?"

"माझा एक मुलगा होता," ती म्हणाली.

ब्रॅडीने किटली तशीच हातात धरली. तिला वाटलं, हा आता काहीतरी विकेल. पण त्याने विकलं नाही. किटली खाली ठेवून तो म्हणाला, "कोणत्या महिन्यात?"

"याच. उद्या."

त्याने गाडीचा पास तिच्याकडे सरकवला आणि संगणक मिटला.

केंट सतरा वर्षांचा होता. फुटबॉलचा सराव आटोपून जुन्या पिकअपमधून घरी यायचा, आणि जेवणाची वेळ त्याच्या येण्यावरून ठरायची. खडीवर चाकांचा करकर आवाज आला की लव्हॉन भांड्यावरचं झाकण काढायची. घरापासून अर्ध्या मैलावर दोन रस्ते एकमेकांना छेदत होते. ऑक्टोबरात कापणी व्हायची असते, मका माणसाच्या दीडपट उंच उभा असतो, आणि त्या चौफुलीवर आडव्या रस्त्याने काय येतंय ते दिसत नाही. धान्याचा ट्रक येत होता. दोष कोणाचाच नव्हता. पोलिसांनी तसंच सांगितलं, पाद्रीबुवांनी तसंच सांगितलं, आणि ट्रकवाला अंत्यविधीला येऊन मागच्या बाकावर बसून गेला.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, संध्याकाळी, लव्हॉन आणि ड्वेन दोघंच जेवायला बसले होते. डीना मैत्रिणीकडे गेली होती. बाहेर खडीवर चाकं वाजली. गाडी वळली, दारापाशी येऊन थांबली, इंजिन दोनदा खोकून बंद झालं, केंटच्या गाडीचं व्हायचं तसं. लव्हॉनने मान वर केली. ड्वेनने मान वर केलेली होती. दोघांनीही दाराकडे पाहिलं. कोणी आलं नाही. ड्वेनने खाली बघून मांस कापायला घेतलं आणि म्हणाला, "मीठ दे जरा."

तिने मीठ दिलं. त्यावर दोघांत शब्द म्हणून झाला नाही, तेव्हाही आणि नंतर कधीही. त्याच्या पुढच्या वसंतात त्यांनी ब्रॅन्सनला पॉइंट घेतले.

आता, टेबलावरची अंडी थंड होत असताना, ती विचार करत होती की आपण कोणासाठी जात होतो. ती ड्वेनसाठी जायची. त्याला तो आवाज सोसत नाही, म्हणून ती दर वर्षी बिनबोभाट बॅग भरायची. तिची स्वतःची इच्छा विचारली असती तर ती घरी राहिली असती, दार उघडं टाकून. आणि ड्वेन? तो तिच्यासाठी जात असेल तर? त्यालाही घरीच राहायचं असेल तर? सोफ्यावर पुढे सरकून, दाराकडे डोळे लावून बसलेला माणूस पळून आलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. वाट बघणाऱ्यासारखा दिसत होता.

हे विचारायला आता कोणी नव्हतं.

ती खोलीत गेली, बॅग भरली. निघताना सोफ्याकडे बघून म्हणाली, "चल, येतोस का?" उत्तराची वाट न बघता तिने दार ओढून घेतलं. किल्ली काउंटरवर ठेवली तेव्हा मुलगी म्हणाली, "अजून तीन दिवस आहेत तुमचे. परत मिळत नाहीत ते पॉइंट."

"राहू देत," लव्हॉन म्हणाली.

अंधारात गाडी चालवायला नको म्हणून त्या रात्री ती वाटेत एका मोटेलात राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलताना घरच्या रस्त्याला लागली. मका अजून उभाच होता. यंदा पाऊस लांबला होता. चौफुलीवर तिने गाडी पूर्ण थांबवली, काच खाली केली, कानोसा घेतला आणि मगच ओलांडली. अंगणात डीनाची गाडी उभी होती.

डीना स्वयंपाकघरात होती. तिने चुलीवर भाज्यांचं सूप चढवलं होतं, आणि आईला दारात बघून ती चोरी पकडल्यासारखी दचकली.

"तू शनिवारी येणार होतीस."

"आणि तू इथे काय करतेयस?"

डीनाने गॅस बारीक केला. "मी दरवर्षी येते आई."

"कुठे?"

"इथे. या दिवशी. किल्ली आहे माझ्याकडे. तुम्ही गेलात की येते, दोन दिवस राहते, सगळं होतं तसं ठेवते आणि जाते. मागे एकदा बाबांना कळलं होतं. भट्टी चालू राहिली होती माझ्याकडून. काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीपासून माझ्यासाठी पोर्चचा दिवा लावून जायचे."

लव्हॉन कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"ऑक्टोबरात माझी शाळा असायची," डीना म्हणाली. तिची पाठ आईकडे होती आणि ती सूप ढवळत होती, ढवळायची काही गरज नसताना. "तुम्ही दोघं जायचात. विल्मा आत्या सोबतीला यायची, पण तिची कामावर दुसरी पाळी असायची, दहाशिवाय यायची नाही. पंधरा वर्षांची होते मी. मी एकटी बसायचे इथे जेवायला. आणि तो यायचा."

लव्हॉनने मान वळवून दाराकडे पाहिलं.

"गाडीच यायची फक्त. पहिल्या वर्षी टेबलाखाली बसले होते मी. दुसऱ्या वर्षी दार उघडलं. काही नव्हतं. मग वाटलं, कोणीच नाही घरी तर तो काय म्हणेल. म्हणून थांबायला लागले. कॉलेजातून यायचे, लग्नानंतर यायचे. नवऱ्याला सांगितलंय ऑफिसचं प्रशिक्षण असतं."

"मला सांगायचंस ना, बाळा."

"तुम्ही मला सांगितलंत?"

उन्हाळाभर या मुलीने सोळाशे आणि हजार, हजार आणि सोळाशे असे आकडे तिच्यापुढे मांडले होते, आणि त्या आकड्यांमागे ही टेबलाखाली बसलेली मुलगी होती. त्या पॉइंटांची किंमत कोणी मोजली हे लव्हॉनला पंचवीस वर्षांनी कळत होतं. ती उठली, चुलीपाशी गेली, आणि डीनाच्या हातातला डाव काढून घेतला. डीना तिच्यापेक्षा वीतभर उंच होती. तिने वाकून आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघींपैकी कोणीही रडलं नाही. जरा वेळाने डीना म्हणाली, "कोट तरी काढ."

त्या दोघी जेवायला बसल्या. बाहेर सावल्या लांबल्या. सूप संपत आलं तेव्हा खडीवर चाकं वाजली. आवाज जवळ आला, वळला, थांबला. इंजिन दोनदा खोकलं.

डीनाने आईकडे पाहिलं. या वेळी लव्हॉनने मान खाली घातली नाही. "केंट आला," ती म्हणाली. हे नाव त्या टेबलावर कित्येक वर्षांत कोणी उच्चारलेलं नव्हतं. डीना उठली आणि तिने दार उघडून ठेवलं. थंड वारा आत आला, वाळल्या मक्याच्या पात्यांची सळसळ आली. दोघी बोलायला लागल्या: त्याने एकदा कुत्र्याला आंघोळ घालताना बाथरूमचं दार आतून लावून कसं घेतलं होतं, गणितात नापास झाल्याचं कसं लपवलं होतं, डीनाची सायकल कशी मोडली होती. मध्येच लव्हॉनला वाटलं, पोर्चवर दोन जण उभे आहेत, एक उंच आणि एक जरासा वाकलेला. ती उठून बघायला गेली नाही. दार उघडं होतंच.

आठवडाअखेर शेजारच्या व्हर्लिनचं कापणीचं यंत्र आलं. दिवसभर धूळ उडत राहिली आणि संध्याकाळपर्यंत घरापासून चौफुलीपर्यंत सगळं रान मोकळं झालं.

पॉइंट परत द्यायला हिवाळा लागला. कंपनीने आधी टोलवाटोलवी केली, मग कागद पाठवले, मग तेच कागद पुन्हा मागवले. लव्हॉनने गावच्या बँकेत जाऊन सही केली. बँकेतली बाई ओळखीची होती. तिने विचारलं, "एवढी वर्षं ठेवलंत ते, कधी फायदा झाला का हो त्याचा?"

लव्हॉनने पेन परत केलं.

"हिशेब लागत नाही," ती म्हणाली आणि हातमोजे चढवून बाहेर पडली. डीना गाडीत वाट बघत होती.